गतिरोधक बसवणेबाबत

“घोडा मारला!” तात्या व्हरांड्यातून ओरडले आणि लोंढ्यांनी ते टाइप केलं.

मी लाल पेन घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. कागदावर सुबक अक्षरांत उमटलं होतं, ‘आपल्या दिनांक ४ च्या पत्रास अनुसरून घोडा मारला.’

“लोंढे, उताऱ्यात घोडा आहे का?”

“न्हाई मॅडम. पण कानावर पडलं की बोटं ऐकत न्हाईत.”

लोंढे कोर्टात शिपाई होते. वय पस्तीस. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली की कारकून होणार, एवढंच अंतर राहिलं होतं. ते अंतर त्यांना दोनदा कापता आलं नव्हतं. गेल्या खेपेला परीक्षा केंद्राबाहेर भाजीवाली आली आणि लोंढ्यांच्या शासकीय परिपत्रकात मेथीची जुडी गेली. आणि अशा माणसानं माझ्या क्लासला नाव घातलं होतं, जिथे दिवसभर खिडकीबाहेर बुद्धिबळ ओरडून खेळलं जायचं.

ओरडणारे तात्या म्हणजे माझे सासरे, शंकर चौगुले. हायस्कूलमध्ये ड्रॉइंगचे मास्तर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. पलीकडून ओरडणारे घोरपडेकाका, एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. दोघांची घरं समोरासमोर आणि मध्ये वीस फुटी डांबरी रस्ता. दोघांच्या व्हरांड्यात एकेक पट मांडलेला. तात्या चाल ओरडायचे, काका आपल्या पटावर ती लावून उत्तर द्यायचे. काकांनी तीस वर्षं लाउडस्पीकरवर गाड्या सोडल्या होत्या, त्यामुळे त्यांना साधं बोलता येतच नसे.

“कृपया इकडे लक्ष द्या,” असा पलीकडून आवाज यायचा. “मास्तरांचा वजीर अडचणीत आहे. मास्तरांनी ताबडतोब वजिराशी संपर्क साधावा.”

मध्येच एखादी मोटारसायकल फाडफाड करत गेली की चाल पुन्हा ओरडावी लागे. दिवसातून दोनशे मोटारसायकली जायच्या. रेल्वे फाटक चुकवायला सगळं कॉलेज आणि निम्मं गाव आमच्या कॉलनीतून घुसत होतं, आणि फाटकात वाचलेला वेळ आमच्याच रस्त्यावर आणखी वाचवत होतं.

आता कुणी विचारेल, वीस फूट चालत जाऊन एका पटावर का खेळत नव्हते? आधी तसंच खेळत होते. रोज सकाळी नऊला तात्या ओलांडून जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे. चार महिन्यांपूर्वी असेच निघाले होते, हातात माझ्या अळूवड्यांची ताटली. एक मोटारसायकल कोपराला चाटून गेली. ताटली उडाली, तात्या रस्त्यात बसले आणि मोटारसायकलवाला मागे वळूनही न बघता गेला. कोपराचं हाड मोडलं. दीड महिना प्लॅस्टर होतं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तात्या आमच्या फाटकापर्यंत गेले, एक पाय बाहेर टाकला आणि परत आत घेतला.

“आज ऊन फार आहे,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वारा फार होता. तिसऱ्या दिवशी चपलेचा अंगठा तुटलेला निघाला. मी खिडकीतून बघत होते. ते फाटकाची कडी काढायचे आणि पुन्हा लावायचे. मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीतून बाजूला झाले. काकांना यायचं तर त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सावकाश चालत होते, पण आमचा रस्ता सावकाश चालणाऱ्यांसाठी राहिलाच नव्हता. म्हणून मग ही आरडाओरड. पहिल्यांदा गंमत वाटली. पण तात्या संध्याकाळी पट आवरताना म्हणायचे, “लांबून खेळण्यात काही राम नाही गं वृंदा. समोरच्याचं तोंड दिसायला हवं.” आमचे हे नोकरीला रत्नागिरीला, पंधरा दिवसांनी येणार. तेव्हा जे करायचं ते मलाच करायला हवं होतं.

मी ठरवलं, स्पीडब्रेकर आणायचा.

अर्ज मी सांगितला, लोंढ्यांनी टाइप केला. सरावही होईल, असा माझा शहाणपणा. मगदूमवहिनी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी दारोदार फिरून सदतीस सह्या आणल्या. सदतीस जणांनी सही केली, एकानेही वाचलं नाही. मीही नाही, कारण नगरपालिकेची आवक-जावक पाचला बंद होणार होती.

तिथल्या हेडक्लार्कनं मात्र वाचलं. चष्मा कपाळावर, पानाचा तोबरा गालात, बोट ओळीखाली.

“विषय, रहिवासी रस्त्यावर गतिरोधक बसवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर रस्त्यावरून वाहने भरधाव जात असल्याने वृद्ध नागरिकांना...” ते थांबले. “वृद्ध नागरिकांना उंट खाल्ला, आता बोल.”

मी वाकून बघितलं. उंट होता.

“बाई, उंट कुणाचा?”

“उंट नाहीये साहेब. ती चूक आहे. ते बुद्धिबळ आहे.”

“अर्जावर सदतीस सह्या आहेत. म्हणजे सदतीस जणांचं उंटाबद्दल म्हणणं आहे. उंटाचा विषय असेल तर कागद आरोग्य विभागाकडे जाईल. मोकाट जनावरं तिकडं असतात.”

“आणि गतिरोधक?”

“तो बांधकामला. पण एका अर्जात दोन विषय चालत नाहीत.”

शेवटी मी त्यांच्यासमोर उंट खोडला, बाजूला सही केली, आणि अर्जावर शिक्का पडला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. कनिष्ठ अभियंता श्री. इनामदार गुरुवारी सकाळी साडेदहा ते साडेअकरा या वेळेत जागेवर येऊन वाहनांचा वेग मोजतील. सरासरी तीसच्या वर भरली तर गतिरोधक मंजूर.

तात्यांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग व्हरांड्यात जाऊन ओरडले, “कंट्रोलर! गुरुवारी साहेब येतोय!”

“प्रवाशांनी सामान आवरून तयार राहावे!” पलीकडून उत्तर आलं. दोघंही हसले. तात्यांना इतकं मोकळं हसताना मी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं.

सरासरीची मला काळजीच नव्हती. आमच्या रस्त्यावर तीसनं फक्त कुत्री पळायची. पण बुधवारी संध्याकाळी मगदूमवहिनी आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “साहेबांच्या स्वागताचं काय ठरवलंय?”

“कसलं स्वागत?”

“म्हणजे काय! अधिकारी माणूस पहिल्यांदा कॉलनीत येतोय, आणि नुसता डांबरावर उभा करायचा? बरं दिसतं का ते?”

मला पटलं. हे मी मान्य करते. आम्हां सगळ्यांनाच पटलं. पाहुणा येणार म्हटलं की आम्ही पुढचा विचार करत नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता अकरा बायका रस्त्यावर उतरल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळी. मधोमध मोर, भोवती कमळं आणि पुढे हातभर अक्षरांत ‘सुस्वागतम्’. फक्त आमच्या फाटकाजवळ मी माझी लूना जाईल एवढी पट्टी मोकळी सोडली, कारण साहेबांसाठी स्टेशनसमोरचे गरम बटाटेवडे आणायची जबाबदारी माझ्याकडे होती. तात्या फाटकाच्या आत उभे राहून बघत होते.

“मोराचे पाय कोंबडीचे झालेत,” म्हणाले.

“मग तुम्ही या की बाहेर आणि काढा!” मगदूमवहिनी म्हणाल्या. तात्या फाटकापासून एक पाऊल मागे सरले. वहिनींनी जीभ चावली.

साडेदहाला इनामदार साहेब आले. पंचवीस-सव्वीसचा पोरगेलासा माणूस, नीट भांग, खिशात स्टॉपवॉच. रांगोळी बघितली आणि त्यांनी आपली स्कूटर कोपऱ्यावरच लावली. एकमेकींपासून शंभर फुटांवर खडूनं दोन रेघा मारल्या. रांगोळी बरोबर मध्ये आली. मगदूमवहिनींनी त्यांना ओवाळलं आणि ते खुर्चीवर वही उघडून बसले.

मी तेव्हा वडे आणायला गेले होते, त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं. पहिली आली ती कॉलेजची मोटारसायकल, रोज छप्पर हलवणारी. पोरानं लांबून रांगोळी पाहिली, ब्रेक मारला, दोन्ही पाय टेकवले आणि कडेकडेनं बदकासारखा चालत गेला. मागून टेम्पो आला. ड्रायव्हरनं गाडी थांबवून डोकं बाहेर काढलं.

“वैनी, कुठनं घालू? पुसंल की वो.”

मगदूमवहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. “बघा बाई तुमचं तुम्ही.”

टेम्पो एक चाक गटाराच्या काठावर घेऊन मुंगीच्या पावलानं गेला. दूधवाला उतरला आणि सायकल उचलून नेली. एक जण तर हात जोडून मागेच वळला. बायकांना इतका अभिमान वाटत होता की सरासरी घसरतेय हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. घोरपडेकाका एकटे पलीकडून ओरडत होते, “कृपया इकडे लक्ष द्या! रांगोळी पुसा! तातडीने पुसा!” पण काकांना रांगोळीतलं काय कळतंय, असं बायकांचं मत पडलं.

आणि सव्वाअकराला मी आले. वडे गार होतील म्हणून मूठ पूर्ण पिळलेली. मला माझी पट्टी माहीत होती. सुसाट आले, पट्टीतून सुळकन निघाले आणि पुढे जाऊन ब्रेक दाबला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं.

वडे त्यांना आवडले. चार खाल्ले.

आठवड्यानं पत्र आलं. क्लास चालू होता. तात्यांनी पाकीट फोडून दारात उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं.

“‘प्रत्यक्ष पाहणीअंती असे निदर्शनास आले की, सदर रस्त्यावरील वाहनांचा सरासरी वेग ताशी सात किलोमीटर असून वाहनचालक अत्यंत शिस्तप्रिय आहेत. सबब गतिरोधकाची आवश्यकता नाही. पाहणी कालावधीत वेगमर्यादा ओलांडणारे एकच वाहन आढळले, ते अर्जदार सौ. वृंदा चौगुले यांचे असून, त्यांना योग्य ती समज देण्यात यावी.’”

लोंढ्यांनी समज टाइप केली. बाकीच्या मुली हसून हसून टाइपरायटरवर पडल्या. मीही हसले. मग तात्यांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी पत्राची नीट घडी घातली, व्हरांड्यात गेले, सोंगट्या डब्यात भरल्या आणि पट कपाटावर ठेवून दिला.

“राहू दे आता,” म्हणाले. “कंट्रोलरचा घसापण बसतो ओरडून.”

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पलीकडून हाक आली, “मास्तर! तुमची चाल आहे!” तात्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. हाक तीनदा आली. मग थांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

क्लासमध्ये इतकी शांतता कधीच नव्हती. लोंढ्यांनी मिनिटाला तीस शब्द मारले, एकही चूक नाही. कागद माझ्या हातात देऊन तसेच बसून राहिले.

“अभिनंदन, लोंढे.”

“बरं न्हाई वाटत, मॅडम,” लोंढे म्हणाले. “काका का ओरडंनात?”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वड्यांसाठी रडले, मोरासाठी रडले, मूठ पिळली त्यासाठी सगळ्यात जास्त. एका म्हाताऱ्या माणसाला वीस फूट रस्ता हवा होता आणि तो मी स्वतःच्या हातानं घालवला होता.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला हॉर्न ऐकू आले. एक नाही, पाच-सहा, आणि तेही दबकत वाजवलेले. मी पोळीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर धावले.

तात्या रस्त्यात होते. मधोमध, पाटावर बसलेले. शेजारी मंडळाची उरलेली रांगोळीची गोणी, हातात शाळेतल्या फळ्यावरची लांब लाकडी पट्टी. आमच्या फाटकापासून त्यांच्या पाटापर्यंत रस्त्यावर चौकोन होते. मोठे, अडीच-अडीच फुटांचे, पट्टीनं आखलेले. एक घर रांगोळीनं पांढरं, शेजारचं नुसतं डांबराचं काळं. आठ घरांची एक ओळ, तिच्या पुढे दुसरी, पुढे तिसरी. पहाटे रस्ता रिकामा असताना त्यांनी फाटकाला चिकटून पहिली ओळ काढली होती आणि मग तिच्यातच बसून दुसरी. रांगोळी पुढे सरकत होती आणि तात्या तिच्या मागून. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, एक टेम्पो आणि दूधवाला थांबलेले. गुरुवारी त्यांनी फाटकाआडून जे बघितलं होतं, ते आम्हां अकरा बायकांपैकी एकीलाही दिसलं नव्हतं.

मी फाटकातूनच ओरडले, “तात्या, आत चला!”

“पाच ओळी झाल्या,” वर न बघता ते म्हणाले. “तीन राहिल्या. रांगोळीचा डबा भरून दे.”

कोपर पुरतं सरळ होत नव्हतं, पण रेघ सरळ होती. मी डबा भरून दिला. निम्मी रांगोळी माझ्या पिठाच्या हातांनाच चिकटली.

पलीकडे घोरपडेकाका फाटक उघडून उभे होते. अंगात बनियन, गळ्यात टॉवेल, आणि आवाज स्टँडवरचा.

“कृपया इकडे लक्ष द्या! रेल्वे फाटकाकडून कॉलेजकडे जाणाऱ्या सर्व दुचाक्या काही काळ उशिरानं सुटतील! प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल मास्तर दिलगीर आहेत!”

“अजिबात नाही!” तात्या ओरडले.

“मास्तर दिलगीर नाहीत! याची नोंद घ्यावी!”

टेम्पोवाला खाली उतरून बघत होता. “काका, ह्यात हत्ती कुठं ठिवायचा?” त्यानं विचारलं. कॉलेजचा एक पोरगा त्याला समजावू लागला. मगदूमवहिनी गाऊनवर ओढणी घेऊन आल्या आणि कुणालाही न विचारता कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागून एक स्कूटर आली आणि पटाच्या काठाशी थांबली. नीट भांग, ऑफिसची पिशवी. इनामदार साहेब.

“साहेब, आलाच आहात तर वेग मोजा,” मी म्हटलं.

त्यांनी थांबलेल्या रांगेकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

“शून्य,” म्हणाले. आणि स्कूटर बंद करून तिच्यावरच बसले.

सहावी ओळ झाली. सातवी झाली. आठवी काकांच्या फाटकाच्या फरशीला जाऊन टेकली. तात्या पाट बाजूला सारून उठले. गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते. मागे वळून त्यांनी सगळा पट एकदा नजरेखालून घातला, एका घराची कड बोटानं साफ केली आणि शेवटच्या घरात उभे राहिले. समोर हातभर अंतरावर काका. दोघांनी एकमेकांचं तोंड चार महिन्यांनी जवळून बघितलं. काकांचे डोळे भरले होते, त्यामुळे त्यांनी आवाज आणखी चढवला.

“कृपया इकडे लक्ष द्या! प्यादं शेवटच्या घरात पोचलेलं आहे! मास्तर, आता कोण व्हायचं? वजीर? हत्ती?”

“आधी चहा,” तात्या म्हणाले आणि आत गेले.

रस्ता सुटला. मोटारसायकली पाय टेकवत कडेनं गेल्या. तात्या त्या दिवशी दुपारी दीडपर्यंत घरी आले नाहीत, आणि मी बोलावलंही नाही. पुढे कित्येक वर्षं रोज पहाटे त्या रस्त्यावर छोटा का होईना, पट काढलेला असायचा. गतिरोधकाचा अर्ज आम्ही पुन्हा केला नाही.

त्या सकाळी मी आत आले तेव्हा साडेआठ झाले होते आणि लोंढे पहिल्या टाइपरायटरवर एकटेच बसलेले होते. कधी आले मला कळलं नव्हतं. खिडकी उघडी होती. त्यांनी मान खाली घालून कागद पुढे केला. ‘आपल्या दिनांक ४ च्या पत्रास अनुसरून प्यादं शेवटच्या घरात पोचलेलं आहे, आता कोण व्हायचं, आधी चहा.’

“चुकलं, मॅडम,” ते म्हणाले.

मी लाल पेन उघडलं, कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, आणि खाली लिहिलं, ‘चुका : शून्य.’